सारवलेली भिंत आणि सोडलेला डास

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



दरवर्षी २५ एप्रिलला जागतिक हिवताप दिन असतो. त्या निमित्तानं साचलेलं पाणी, मच्छरदाणी, कोरडा दिवस या गोष्टी तुम्ही रेडिओवर ऐकताच. त्या सगळ्या खऱ्या आहेत आणि त्या सांगायला माझ्यापेक्षा जाणती माणसं आहेत. मी आज थोडा वेगळा विषय घेतला आहे. हिवताप घालवण्यासाठी डासाचंच बी बदलायचं, अशी खटपट जगातल्या काही प्रयोगशाळांत चालू आहे. असा बदललेला डास गावात सोडायचा की नाही, हे गावातल्या माणसांना विचारावं लागेल. ते कोणाला विचारायचं, कधी विचारायचं आणि कोणत्या शब्दांत, एवढ्यापुरतंच मी बोलणार आहे.

तुम्ही म्हणाल, या बाईंचा डासांशी काय संबंध? मी बी.ए. झालेली, कविता लिहिणारी बाई. प्रयोगशाळेत कधी पाऊल टाकलेलं नाही. पण घरात दखनी बोलत वाढले, शाळेत मराठी शिकले आणि लिहायला लागले तेही मराठीतच. दोन भाषांच्या उंबरठ्यावर वाढलेल्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते. एकच प्रश्न दोन भाषांत विचारला की उत्तरंही दोन येतात.

आधी जुनी हकिगत सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. देश स्वतंत्र झाला तेव्हा वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि आठ लाख माणसं दगावत, असा अंदाज होता. १९५३ साली हिवताप नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९५८ साली त्याचं निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झालं. घरोघर डीडीटीची फवारणी झाली. १९६५ च्या सुमारास रुग्ण एक लाखावर आले. सगळ्यांना वाटलं, गेला हिवताप. आणि १९७६ साली तो चौसष्ट लाखांवर जाऊन बसला! त्या सुमारास मी पाटी-दप्तर घेऊन शाळेत जायला लागले होते. क्लोरोक्विनच्या गोळीची ती कडू चव माझ्या वयाच्या अनेकांच्या जिभेवर अजून असेल.

फवारणीवाले यायचे तेव्हा घरात धांदल उडायची. भांडी, पीठ, गोधड्या सगळं अंगणात. ते लोक पंप मारायचे, दारावर तारीख लिहायचे आणि पुढच्या घरी जायचे. भिंतीवर पांढरे डाग पडायचे, वास यायचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माझी अम्मी पांढरी माती कालवायची आणि सगळ्या भिंतींवर हात फिरवायची. आमचं एकट्याचं घर असं नव्हतं, गल्लीतल्या बहुतेक बायका तेच करायच्या. सण तोंडावर असला तर त्याच दिवशी. आता डीडीटीचं काम असं चालतं की डास रक्त पिऊन जड होतो, भिंतीवर टेकतो आणि भिंतीवरच्या औषधानं मरतो. भिंत सारवली की औषध मातीखाली. म्हणजे सरकारी वहीत आमचं घर फवारलेलं आणि डासाच्या दृष्टीनं बिनफवारलेलं! देशात ठिकठिकाणी हेच घडत होतं, हे मी नंतर वाचलं. हिवताप परत येण्याची कारणं पुष्कळ होती. डासांना डीडीटी पचू लागलं, पैसा आटला, देखरेख ढिली पडली. सारवण हे त्यातलं लहानसंच कारण. पण मला ते महत्त्वाचं वाटतं, कारण अम्मीला कोणी काही विचारलं नव्हतं, आणि तरी तिनं आपलं मत देऊन टाकलं होतं.

आता नवा डास. मला जसं समजलं तसं सांगते, शास्त्रज्ञांनी सांभाळून घ्यावं. एक प्रकार असा की नर डासात असा बदल करायचा की त्याची पिल्लं मोठी होण्याआधीच मरतील. नर डास चावत नाही, तो झाडाफुलांचा रस पितो. चावते ती मादी. त्यामुळे नर सोडले तर कोणाला त्रास नाही आणि पुढची पिढी कमी होते, असा हिशोब. हे नर पुन्हा पुन्हा सोडावे लागतात. सोडणं थांबवलं की प्रकार संपतो.

दुसऱ्या प्रकाराला 'जीन ड्राइव्ह' म्हणतात. एरवी आई-बापाकडची एखादी खूण लेकराकडे येईल याची शक्यता निम्मी असते. शेतीच्या वाटण्या होत जाव्यात तसं ते पिढ्यान्‌पिढ्या विरत जातं. पण ही नवी खूण म्हणजे असा वारस, की जो प्रत्येक सातबाऱ्यावर आपलंच नाव चढवून घेतो. (तलाठी बांधवांनी राग मानू नये.) २०१५ साली कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी ॲनोफिलीस स्टीफेन्सी या डासात हिवतापाच्या जंतूला अडवणारी खूण अशी बसवली की प्रयोगशाळेत ती नव्याण्णव टक्क्यांहून अधिक पिल्लांत उतरली. हा स्टीफेन्सी परका नाही. आपल्या शहरांतल्या टाक्यांत आणि हौदांत वाढणारा तो आपलाच डास. खेड्यांत हिवताप पसरवणारा मुख्य डास वेगळा, त्याचं नाव क्युलिसिफेसीस. पुढच्याच वर्षी, २०१६ साली, टाटा ट्रस्ट्सनी या विद्येसाठी कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाला सात कोटी डॉलर देऊ केले आणि त्यातून बंगळुरूलाही संस्था उभी राहिली. म्हणजे हा विषय सातासमुद्रापलीकडचा राहिलेला नाही.

आता माझा मुद्दा असा. डीडीटी नको असलं तर अम्मी भिंत सारवू शकत होती. बियाणं नको असलं तर शेतकरी दुसरी पिशवी घेतो. हवेत सोडलेला डास कोणाच्या दारावर थांबून 'येऊ का?' म्हणत नाही. दोन तांड्यांमधली शीव त्याला दिसत नाही. एका घराला तो नको म्हणता येत नाही, आणि जीन ड्राइव्हचा डास तर सोडल्यावर परत बोलावताही येणार नाही. म्हणून इथे विचारायचं ते आधी विचारावं लागतं, आणि ते सगळ्यांना मिळून विचारावं लागतं.

न विचारण्याचे परिणाम आपल्या देशानं एकदा पाहिले आहेत. १९६९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि आपली वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून दिल्लीत डासांच्या आनुवंशिक नियंत्रणाचं एक केंद्र सुरू केलं. पैसा अमेरिकेचा, पीएल-४८० च्या निधीतला. दिल्लीच्या आसपासच्या खेड्यांत रसायनानं वांझ केलेले नर डास सोडले गेले. पुढे हरियाणातल्या सोनीपतला दुसऱ्या एका डासाचा मोठा प्रयोग ठरला. तो डास एडिस इजिप्ती, पीतज्वर पसरवू शकणारा. पीतज्वर आपल्याकडे नाही. मग याच डासावर अमेरिकेचा पैसा का, रोगाचं हत्यार करायचं आहे का, असा प्रश्न १९७४ मध्ये वर्तमानपत्रांत आला. डास वांझ करायला वापरलेलं रसायन विहिरीच्या पाण्यात उतरतं का, हाही आला. संसदेच्या लोकलेखा समितीनं १९७५ मध्ये कडक अहवाल दिला आणि केंद्र बंद झालं. त्या संशयात तथ्य किती होतं यावर जाणकार आजही भांडतात. मला त्यात एवढंच दिसतं की आधी सांगितलं नाही ते नंतर कितीही खरं सांगितलं तरी कोणी ऐकत नाही. आणि त्याच वर्षी आणीबाणी आली, मागोमाग नसबंदीची सक्ती आली. 'वांझ' या शब्दाला आपल्या देशात तेव्हापासून जो वास आहे, तो डासाच्या शास्त्रज्ञाला कळायला हवा.

अलीकडचं उदाहरण तर आपल्या शेजारचं. जालन्याजवळ दावलवाडीला महिकोच्या परिवारातल्या एका कंपनीनं ऑक्सिटेक या इंग्लंडच्या कंपनीबरोबर जनुक बदललेल्या डासांचे प्रयोग केले. जानेवारी २०१७ मध्ये बाहेरच्या मोठ्या पिंजऱ्यांतल्या चाचण्या सुरू झाल्याचं जाहीर झालं. हा डास डेंगीचा, हिवतापाचा नव्हे. उघड्यावर सोडण्यापर्यंत गोष्ट गेली नाही. पण त्याचं नाव लक्षात घ्या. कंपनीनं त्याला 'फ्रेंडली' म्हटलं होतं, म्हणजे मित्र डास! कविता लिहिणाऱ्याला असल्या ठिकाणी थांबावंसं वाटतं. ज्याच्याशी अजून ओळख व्हायची आहे त्याचं नाव आधीच मित्र ठेवलं, तर त्याला नको म्हणणारा आपसूक वैरी ठरतो. विरोधकही कमी नाहीत. त्यांनी त्याला राक्षस करून टाकलं. 'मित्र हवा का?' आणि 'राक्षस हवा का?' या दोन्ही प्रश्नांना उत्तर देण्यात अर्थ नाही, ती आधीच दिलेली आहेत.

मग सरळ प्रश्न कसा असेल? हे पाहायला मी रामनवमीच्या यात्रेत पोहरादेवीला गेले. तशी मी अधूनमधून जातेच. वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं हे गाव बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी, जगदंबेचं मंदिर, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून तिथे नंगाऱ्याच्या आकाराचं मोठं संग्रहालयही उभं आहे. रामनवमीला महाराष्ट्रातून, तेलंगणातून, कर्नाटकातून तांडेच्या तांडे येतात. लोकांचं मत घ्यायचं तर याहून चांगली जागा कुठली? शिवाय ही माणसं कामासाठी हिंडणारी. ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर, मुंबई-पुण्याच्या बांधकामांवर. हिवताप ज्या वाटांनी फिरतो त्या याच. आमच्या भागात आता हिवतापाचे रुग्ण थोडे, पण इथून गेलेलं माणूस कुठून तो घेऊन येईल ते सांगता येत नाही. मी संशोधक नाही, माझ्याजवळ छापील प्रश्नावली नव्हती, आकडेही काढले नाहीत. नुसत्या गप्पा मारल्या.

पहिली अडचण शब्दाची. 'जनुक' म्हटल्यावर समोरचा माणूस नम्रपणे मान हलवतो, म्हणजे त्याला कळलेलं नसतं. गोरबोलीत काय म्हणायचं हे विचारलं तर कोणी 'बी' म्हणालं, कोणी 'रगत', कोणी 'वंश'. तीनही शब्दांचा रोख वेगळा. रगत म्हटलं की आजाराचा विचार येतो, वंश म्हटलं की लग्नाचा. शेवटी दिग्रसकडच्या एका कास्तकारानंच सोडवलं. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे ताई, बीटी मच्छर!"

बसला की नाही शब्द? पण त्याबरोबर वऱ्हाडाचा वीस-बावीस वर्षांचा सगळा अनुभव आला. बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली. "पयले काही वर्सं लय चांगले गेले," तो म्हणाला, "फवारे कमी झाले. मंग गुलाबी अळी आली. बियाणं मात्र दर साली इकतच घ्या लागते." २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं मेली, त्यात त्याच्या ओळखीतला एक होता. आणि गंमत अशी की हाच माणूस 'चोर बीटी' पेरतो, म्हणजे तणनाशक सहन करणारं, परवानगी नसलेलं बियाणं. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहाँगीरला शेतकऱ्यांनी सत्याग्रह म्हणून हेच बियाणं उघडपणे पेरलं होतं. म्हणजे 'शेतकरी जनुकीय तंत्राच्या विरोधात' असं लिहिणारा चुकतो आणि 'बाजूनं' लिहिणाराही चुकतो. त्याला स्वतःच्या वावरात काय पेरायचं ते स्वतः ठरवायचं आहे. डासाचं त्याला ठरवता येणार नाही, तिथे तो अडला. आणि मग त्यानं जो प्रश्न विचारला तो ऐका. "अळी जशी बीटीले शिकली, तसा मच्छरही शिकला तं?"

श्रोतेहो, जीन ड्राइव्हवर काम करणाऱ्यांना छळणारा प्रश्न नेमका हाच आहे. प्रयोगशाळेतल्या डासांतही या खुणेला दाद न देणारे वंश निघतात. याचं उत्तर शोधण्यात त्यांची वर्षं चालली आहेत. आपला कास्तकार दहावी नापास.

पुढे मंडपाच्या सावलीत बायका बसल्या होत्या. आधी पुरुष आजूबाजूला होते तोवर "आमाले काय समजते, नायकाले इचारा" एवढंच. नायकाला मी विचारलंही. त्यानं आढ्याकडे पाहत, "सरकार आनन तं चांगल्यासाठीच आनन," असं म्हणून विषय संपवला. पुरुष जेवणाच्या पंगतीकडे गेले तेव्हा याच बायका बोलायला लागल्या. एकीनं विचारलं, नर चावत नाही म्हणता, पण नर-मादी निवडतं कोण, आणि एखादी मादी सुटली तर? (कोष असतानाच आकारावरून निवडतात, मादीचा कोष मोठा असतो, थोड्या माद्या सुटू शकतात. हे मला वाचून माहीत होतं म्हणून सांगता आलं.) दुसरी म्हणाली, मच्छर सरले तर तळ्यातले मासे काय खातील? तिसरीनं आवाज खाली आणून विचारलं, "आमच्या पोरींचं तं काई बिघडनार नाई ना?" तिला मूल होण्याबद्दल विचारायचं होतं. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. पोलिओच्या डोसाबद्दल असाच प्रश्न आमच्या मोहल्ल्यात बायकांनी मला विचारला होता. तो प्रश्न भाषणांनी सुटला नाही. मोहल्ल्यातल्याच बायका घरोघर गेल्या, मशिदीतून सांगितलं गेलं, जे टाळत होते त्यांचं म्हणणं चार-चार वेळा ऐकून घेतलं गेलं. २०११ च्या जानेवारीनंतर देशात पोलिओच्या रानटी विषाणूचा रुग्ण सापडला नाही आणि २०१४ मध्ये आपल्याला प्रमाणपत्र मिळालं. अडाणी म्हणून कोणाला बाजूला सारून ते मिळालेलं नाही.

तांड्याच्या नायकाचा होकार म्हणजे तांड्याचा होकार, असं धरून चालणाऱ्या संशोधकांनी ती दुपार पाहायला हवी होती. पाणी कोण भरतं, पिंप कोण झाकतं, तापलेल्या पोराजवळ रात्रभर कोण बसतं? जिला हे करायचं आहे तिचं मत पंगतीनंतर मिळतं. त्यासाठी थांबावं लागतं. सरकारी गाडीला तेवढा वेळ नसतो.

शब्दांची ही अडचण फक्त आपली नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशात बाना नावाच्या खेड्यात 'टार्गेट मलेरिया' या प्रकल्पानं १ जुलै २०१९ रोजी जनुक बदललेले वांझ नर डास सोडले, सहा हजारांच्या आसपास. आफ्रिकेतला तो पहिलाच प्रसंग. पण त्याआधी कित्येक वर्षं त्यांची माणसं गावात बसत होती. तिथल्या जुला भाषेत जनुकाला शब्द नव्हता, म्हणून भाषेच्या जाणकारांना घेऊन शब्दसंग्रह तयार केला. मला हे फार आवडलं. गावानं होकार दिला. एवढं करूनही २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या सरकारनं हा प्रकल्प थांबवला आणि डासांचे नमुने नष्ट करायला लावले. राजधानीतल्या संघटनांचा विरोध होता, परदेशी पैशाबद्दल राग होता, अफवाही होत्या. बाना गावाचं 'हो' राजधानीत पोचेपर्यंत 'नाही' झालं. दोन्हीपैकी एकालाही मी खोटं म्हणणार नाही.

अमेरिकेत उलटं झालं. फ्लोरिडातल्या की हेवन या वस्तीत डेंगीच्या डासाचा प्रयोग ठरला. नोव्हेंबर २०१६ मध्ये मतदान घेतलं. की हेवनच्या लोकांनी नको म्हटलं आणि भोवतीच्या सगळ्या काउंटीनं हवा म्हटलं. म्हणजे ज्याच्या अंगणात डास सुटणार त्याचं मत एक आणि दुरून पाहणाऱ्याचं दुसरं. पुढे २०२१ मध्ये डास सोडले, पण की हेवन वगळून. मला वाटतं, हे वगळणंच त्या मतदानाची खरी कमाई.

आपल्याकडेही विचारण्याची परंपरा अगदीच नाही असं नाही. बीटी वांग्याच्या वेळी जयराम रमेश मंत्री असताना सात शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या, त्यातली एक नागपूरला. गोंधळ झाला, घोषणा झाल्या, पण सगळ्या बाजूंची माणसं एका छताखाली बोलली आणि फेब्रुवारी २०१० मध्ये त्या वांग्याला स्थगिती मिळाली. निर्णय पटो न पटो, निर्णयाआधी विचारलं गेलं. जनुक बदललेल्या कीटकांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सूचनांत लोकांना सामील करून घेण्यावर पानंच्या पानं आहेत. ती पानं गोरबोलीत, गोंडीत, वऱ्हाडीत कोण आणि कधी आणणार, एवढाच माझा प्रश्न आहे. शहरात सुनावणी ठेवली तर ऊसतोडीवरची बाई तिथे येणार नाही.

हे सगळं बोलत असताना मी विरोधकांच्या बाजूची वाटत असेन. तशी मी नाही. हिवतापाचा डास गप्प बसलेला नाही. आपलाच स्टीफेन्सी आफ्रिकेतल्या जिबूतीत २०१२ मध्ये सापडला. त्या वर्षी तिथे हिवतापाचे सत्तावीस रुग्ण होते, २०२० मध्ये ते त्र्याहत्तर हजारांवर गेले. तिथल्या सरकारनं मे २०२४ मध्ये जनुक बदललेले नर सोडायला सुरुवात केली. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित मीही हो म्हटलं असतं. आपल्या देशात २०२३ मध्ये सव्वादोन लाखांवर रुग्ण नोंदले गेले, २०३० पर्यंत हिवताप संपवायचं ठरलं आहे. पण हे नोंदलेले आकडे. ज्याचं रक्तच तपासलं नाही तो त्यात नाही.

तशी एक मला यात्रेतच भेटली. पस्तिशीची असेल. नवरा-बायको उचल घेऊन ऊसतोडीला जातात. काही वर्षांपूर्वी कोपीवर असताना तिच्या चार वर्षांच्या मुलीला थंडी वाजून ताप आला, एक दिवसाआड येत राहिला. कारखान्याच्या गावातल्या एका डॉक्टरनं इंजेक्शन दिलं. चौथ्या खेपेला मूल वाटेतच गेलं. रक्त कोणी काढलं नाही. ती हिवतापानं गेली की आणखी कशानं, हे तिला आजही माहीत नाही, आणि आता कधी कळणार नाही. बीटी मच्छराचं सगळं तिनं ऐकून घेतलं. इतरांसारखे प्रश्न विचारले नाहीत. एवढंच म्हणाली, "कवा येईन थो?"

मी म्हटलं, वर्षं लागतील. आपल्याकडे येईल की नाही तेही ठरलेलं नाही.

"मंग तवरक?"

मी तिला सांगितलं की आता बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतलं की पंधरा-वीस मिनिटांत हिवताप आहे की नाही ते कळतं, तशा पट्ट्या आशाताईंकडे असतात.

"थे कोपीवर येते का?"

मी गप्प राहिले. तिनं माझ्या वहीकडे बोट दाखवलं आणि लिहून घ्यायला लावलं, की पयले कोपीवर रगत पाहनारी बाई पाठवा, मच्छराचं मंग पाहू, आमी नाई म्हनत नाई. मी लिहिलं. तिनं ते मला वाचून दाखवायला सांगितलं आणि ऐकून मान हलवली. मग जराशानं विचारलं, "आन् बाई, मी नाई म्हनलं असतं, तं थे तुमी कोनाले सांगतलं असतं?"

तेवढ्यात तिच्या तांड्याच्या टेम्पोचा हॉर्न वाजला आणि ती बाकीची दोन लेकरं शोधायला गर्दीत गेली.